वेळापूरचा मुक्काम

दोन गावांमधील अंतर भूमीने ठरवून दिलेले असते. ते कापण्यास लागणारा काळ मात्र माणसाने वेळोवेळी बदलला आहे, आणि म्हणूनच अंतर हा भूगोलाचा विषय असला तरी प्रवासाचा काळ हा इतिहासाचा विषय आहे. हा इतिहास आपल्याकडे बहुधा वाहनांच्या अंगाने सांगितला जातो. बैलगाडी मागे पडली आणि टांगा आला, टांग्यामागून आगगाडी आली, आगगाडीमागून मोटार, आणि अखेरीस विमान. या रीतीने सांगितलेल्या इतिहासात निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण अशी दोनच गावे उरतात. त्यांच्या मधल्या वाटेवर ज्या गावांनी शतकानुशतके वाटसरूला पाणी, सावली, चारा आणि रात्रीचा निवारा दिला, त्यांना त्या कथनात स्थान मिळत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे असेच एक मधले गाव आहे. आळंदीहून पंढरपुरास पायी निघालेल्या माणसाला ते प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात, पंढरपूर सुमारे ३२ किलोमीटर उरले असता, भेटते. प्रवासाच्या काळाचा इतिहास अशा मधल्या गावात उभे राहून पाहिला तर तो निराळा दिसतो, आणि माझ्या मते अधिक खराही दिसतो.

आळंदी आणि पंढरपूर ही दोन क्षेत्रे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा १९० किलोमीटरांच्या आतच संपते. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते अशी वळणे घेत पालखीच्या वाटेने गेले, तर तेच अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास भरते. आकाशमार्गाने ते ओलांडण्यास हेलिकॉप्टरला तासाभराचा अवधी पुरतो. मोटारीला पाच-सहा तास लागतात. आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला ज्येष्ठ वद्य अष्टमीपासून आषाढ शुद्ध दशमीपर्यंतचा, म्हणजे अडीच आठवड्यांहून अधिक काळ लागतो. तिन्ही मापे एकाच काळात, एकाच मुलखात, एकाच दोन गावांच्या संबंधात खरी आहेत. जगाच्या पाठीवर बहुतेक ठिकाणी नव्या वेगाने जुना वेग पुसून टाकला. या वाटेवर मात्र सर्वांत जुना वेग लाखो माणसांनी जाणूनबुजून राखून ठेवला आहे, आणि त्यामुळे प्रवासाच्या काळाचे सारे थर येथे एकावर एक रचलेले पाहावयास मिळतात.

सर्वांत खालचा थर पायांचा आणि बैलांचा आहे. त्या काळी लांबीची मापे असली तरी ती शरीराच्या शक्तीशी जखडलेली होती. योजन, कोस, गव्यूती हे शब्द ग्रंथांत आणि दस्तऐवजांत भेटतात. परंतु कोस हा मुलखामुलखागणिक कमीअधिक भरत असे, ढोबळ मानाने दोन मैलांचा धरला जाई, आणि घाटातला कोस व माळावरचा कोस चालणाऱ्याच्या पायांना कधीच सारखा वाटत नसे. काळाचे मापही तसेच सृष्टीकडून घेतलेले. झुंजूमुंजू होताना निघावे, दिवस कासराभर वर आला की न्याहारीस थांबावे, दिवेलागणीच्या आत गाव गाठावे, हा वाटसरूचा दिनक्रम. लग्नाचा मुहूर्त साधावयाचा असला म्हणजे जोशी पाण्याने भरलेल्या गंगाळात तांब्याचे घटिकापात्र सोडी. बुडाच्या बारीक छिद्रातून पाणी आत शिरून ती वाटी बुडाली की एक घटका, म्हणजे आजची २४ मिनिटे, भरली असे समजत. पण हे घटिकापात्र स्थिर पाण्यावरच चालणारे. वाटेवरच्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. त्याच्या प्रवासाचे खरे परिमाण एकच होते, आणि ते म्हणजे मुक्काम. अमुक गाव किती दूर, या प्रश्नाचे उत्तर कोसांत देण्यापेक्षा मुक्कामांत देणे अधिक उपयोगाचे होते, कारण मुक्कामात रस्त्याची लांबीच तेवढी मोजली जात नसे. चढण, चिखल, नदीचा उतार, जनावरांचा थकवा आणि पुढच्या विहिरीचे पाणी या सर्वांचा हिशेब त्यात आधीच झालेला असे.

माळशिरसहून वेळापूर सुमारे १९ किलोमीटरांवर आहे आणि वेळापुराहून भंडीशेगाव त्याहून थोडे अधिक. म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे सहा कोसांची मजल, जी माणूस आणि बैल दोघांनाही एका दिवसात, जेवणाची व विसाव्याची सवड ठेवून, झेपेल. वाटेवरच्या गावांची ही मांडणी कोणा एका राजाने सनद काढून केलेली नाही. असंख्य प्रवाशांच्या थकलेल्या पायांनी ती केली. जेथे दिवस संपत आला असता बारमाही पाणी सापडले, तेथे मुक्काम पडला. मुक्काम पडला म्हणून बाजार भरू लागला. बाजार भरला म्हणून देवालयाला दाते मिळाले. वेळापूर हे यादवकाळीच भरभराटलेले ठाणे असले पाहिजे, हे तेथील अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरावरून आणि यादव राजा रामचंद्रदेव याच्या राजवटीतील, शके १२२२ च्या म्हणजे इसवी सन १३०० च्या सुमाराच्या, मराठी कोरीव लेखांवरून दिसते. काळ्या दगडाचे ते देवालय, त्यातील शिवपार्वतीची युगुलमूर्ती आणि भोवतालचे वीरगळ पाहताना मनात येते, की ज्या गावी दगडावर मराठी अक्षरे कोरून ठेवण्याइतकी सत्ता आणि संपत्ती सातशे वर्षांपूर्वी येऊन वसली होती, ते गाव तेव्हा कोणाच्या वाटेवरचे किरकोळ ठिकाण नव्हते. देवगिरीची राजवट अस्ताला गेल्यावर सत्तेची केंद्रे हलली. पण पाणी आणि एका दिवसाचे अंतर या दोन गोष्टी हलल्या नाहीत, आणि त्यांच्या बळावर वेळापूर वाटेवर राहिले.

सतराव्या शतकात या परिसरातील रस्त्यांवर एका प्रचंड सैन्याची पावले उमटली. वेळापुराहून काही कोसांवर असलेल्या अकलूज येथे १६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी होती. संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता त्याला तेथे कळली, आणि तो बहादूरगडाकडे निघाला. महाराजांना त्याच्यासमोर तेथे उभे करण्यात आले. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील संगमेश्वर आणि भीमेच्या काठावरील बहादूरगड यांच्यामधले अंतर कैद्यांसह कापावयास मोगली सरदारांना सुमारे दोन आठवडे लागले. महाराष्ट्राच्या इतिहासातील त्या अत्यंत दुःखद प्रकरणात हे दोन आठवडे एखाद्या खिन्न पोकळीसारखे भासतात. परंतु त्या काळच्या दृष्टीने ती घाईची मजल-दरमजल होती. पुढे याच बादशहाने भीमेकाठी ब्रह्मपुरीस छावणी टाकून वर्षानुवर्षे ठाण मांडले. छावणी हे चालते शहर असे, आणि शहराला कूच करावयाचे म्हटले की त्याचा वेग सर्वांत मंद बैलाच्या वेगाइतका होई. मराठ्यांनी या मंदपणावरच घाव घातला. हलके घोडे, पाठीशी बाजारबुणगे नाहीत, खोगिरावर भाकरी, आणि एका रात्रीत तीन मुक्कामांचे अंतर उल्लंघून अनपेक्षित ठिकाणी उपस्थित होण्याची सवय, यांच्या बळावर ते लढले. मोगलांच्या लेखी जे अंतर तीन दिवसांचे, ते मराठ्यांच्या लेखी एका रात्रीचे, आणि युद्धाचा निकाल पुष्कळ अंशी या दोन मापांच्या तफावतीत दडलेला होता.

वार्ता माणसापेक्षा वेगाने जावी अशी राज्यकर्त्यांची निकड असते. पेशवाईत ती जासूदजोड्यांनी भागविली. वाटेत एकास दगाफटका झाला किंवा एक आजारी पडला तर दुसऱ्याने थैली पोहोचवावी म्हणून जासूद जोडीने धाडीत, आणि त्यांच्या श्रमाचा अजुरा ठरलेला असे. निकडीच्या प्रसंगी वाटेवर टप्प्याटप्प्याने माणसे बसवून डाक चालवीत. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या संहाराची सूचना देणारे सावकारी पत्र उत्तरेकडे येत असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती भेलशाच्या मुक्कामी पडले, तेव्हा दहा दिवस उलटून गेले होते. त्या दहा दिवसांत एका साम्राज्याचा धनी आपला पुत्र आणि आपला चुलतबंधू जिवंत आहेत असे मानून मार्ग आक्रमीत होता. प्रवासाला लागणाऱ्या काळाचा माणसाच्या सुखदुःखाशी किती निकटचा संबंध असतो, हे याहून स्पष्टपणे सांगणारा दाखला मला ठाऊक नाही.

परंतु या वेगाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. सरकारी लखोटा एका गावाहून पुढच्या गावी नेऊन पोहोचविणे, खजिन्याच्या सोबतीस जाणे, परगावच्या अंमलदाराला वाट दाखविणे, त्याचे ओझे वाहणे ही कामे गावगाड्यात महार समाजावर वतनी कर्तव्य म्हणून लादलेली होती. अंमलदार अवेळी आला तरी वेशीवर राखण करणाऱ्या वेसकराने उठावे, पावसात नदीला पाणी असले तरी टपाल पलीकडे गेले पाहिजे, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व घरोघरची भाकर. महाराष्ट्रातील मुक्कामांची साखळी शतकानुशतके अखंड राहिली ती अनेकांच्या अशा सक्तीच्या पायपिटीमुळे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडून या बिगारीविरुद्ध लढा दिला, आणि कनिष्ठ ग्रामवतने नाहीशी करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. जुन्या प्रवासाचे वर्णन करताना पायी चालण्याचा गौरव करणाऱ्याने हा भेद विसरता कामा नये, की एक चालणे श्रद्धेने पत्करलेले होते आणि दुसरे हुकमाने लादलेले.

श्रद्धेने पत्करलेल्या चालण्याला या वाटेवर जी शिस्त लाभली, तिचा इतिहासही सुस्पष्ट आहे. वारी ज्ञानदेवांच्याही पूर्वीची. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून देहू-आळंदीहून पंढरपुरास नेण्याचा प्रघात पाडला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८३२ च्या सुमारास, शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले सातारा भागातील हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा आज दिसतो त्या रूपात बांधून दिला. हैबतबाबा लष्करी पेशातले असल्याने सोहळ्याची घडी फौजेच्या कूचासारखी बसली. कर्णा फुंकला की दिंड्यांनी उठावे, चोपदाराचा दंड उंचावला की लाखोंच्या समुदायाने क्षणार्धात शांत व्हावे, दिंड्यांनी रथाच्या पुढे व मागे आपापल्या क्रमांकानेच चालावे, मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी हरवले-सापडल्याची वर्दी द्यावी, असा तो बंदोबस्त. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारे अश्व हा त्याच परंपरेचा भाग. सैन्याच्या प्रवासाचे शास्त्र येथे भक्तीच्या कारणी लागले, आणि सैन्ये लयाला गेल्यावरही ते शास्त्र जिवंत राहिले.

या सोहळ्याचे वेळापत्रक तिथीवर चालते, आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी होत असल्यामुळे निघण्याच्या व पोहोचण्याच्या तिथी अचल असूनही मधले दिवस काही वर्षी कमी तर काही वर्षी अधिक भरतात. तो फरक लोणंद-फलटणसारख्या मोठ्या ठिकाणच्या मुक्कामात सामावून घेतला जातो. मजलींची लांबी तीच राहते. आगगाडीच्या वेळापत्रकात अंतर स्थिर आणि घड्याळ स्थिर. येथे घड्याळाच्या जागी चंद्र आहे, आणि अडीचशे किलोमीटरांची वाट त्याच्या गतीशी जुळवून घेतली जाते. धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. नातेपुते आणि माळशिरस हे मुक्काम झाले की पुढच्या मजलीत खुडूसच्या माळावर गोल रिंगण होते, अश्व धावून जातात, त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, आणि मग वेळापूर जवळ येते. गावाच्या अलीकडे वाट उंचावते आणि उतरणीला लागते. या उंचवट्यावरून तुकाराम महाराजांना पंढरीच्या देवळाचे शिखर दिसले आणि ते आनंदाने पंढरपूरच्या दिशेने धावत सुटले, अशी वारकऱ्यांची परंपरागत श्रद्धा आहे. तिची आठवण म्हणून दिंड्या येथे धावा करतात. वीणेकरी वीणा छातीशी धरतो, टाळकरी टाळ आवरतात, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाया एका हाताने ते सावरतात, आणि पंधरवडाभर चाललेली, पायांना फोड आलेली, उन्हापावसाने रापलेली ती माणसे उतारावरून वेळापूरच्या दिशेने एकच धाव घेतात. नंतर भारुडे होतात आणि मुक्काम पडतो.

या धाव्यात प्रवासाच्या काळाविषयी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. पंढरपूर तेथून अजून तीन दिवसांच्या चालीवर आहे. भंडीशेगाव आणि वाखरी हे दोन मुक्काम उरलेले आहेत. पाव कोस वाट धावल्याने एकादशी जवळ येत नाही, हे धावणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. तरीही तो धावतो, कारण अंतर घटल्याची जाणीव त्याला येथे शरीरानिशी होते. ज्या प्रवाशाने मागचे सगळे मुक्काम स्वतःच्या पायांनी जोडले आहेत, त्यालाच असा क्षण लाभतो. एकेक मुक्काम वजा करीत गेल्यावर उरणाऱ्या अंतराला जो अर्थ येतो, तो एकाच उड्डाणात संपणाऱ्या अंतराला येऊ शकत नाही.

इंग्रजी अंमल आला आणि रस्त्याचे तंत्र पालटले. भोर घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला. त्यापूर्वी देशावरचे धान्य आणि किनाऱ्यावरचे मीठ वाहून नेणारे लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून, दिवसाला मोजके कोस, चरत चरत जात. गाडीरस्ता झाल्यावर सोलापूरकडचा कापूस गाड्यांनी घाट उतरू लागला. पण खरी क्रांती लोहमार्गाने केली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला अर्थात जीआयपी रेल्वेचा मार्ग पुण्यापासून १८५८ च्या अखेरीस दिकसाळपर्यंत, १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणि १८६० च्या जूनमध्ये सोलापूरपर्यंत येऊन पोहोचला. गमतीची नव्हे, लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की तेव्हा भोर घाटातील लोहमार्ग पुरा झालेला नव्हता. मुंबईचा उतारू खोपोलीस गाडी सोडून पालखीने वा टांग्याने घाट चढे आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसे. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचा मार्ग खुला झाला, तेव्हा मुंबई आणि सोलापूर अखंड लोहमार्गाने जोडली गेली, आणि जो प्रवास आठवड्यांच्या हिशेबाचा होता तो एका दिवसाच्या आत आला.

या मार्गाची आखणी वेळापुराच्या दृष्टीने निर्णायक ठरली. लोहमार्ग भीमेच्या खोऱ्यातून, वेळापुराच्या बराच उत्तरेकडून गेला. पंढरपुरास जाणारा मुंबई-पुण्याचा यात्रेकरू बार्शी रोडला उतरून तेथून गाडीरस्त्याने दक्षिणेस वळू लागला. माळशिरस तालुका १८७५ मध्ये सातारा जिल्ह्यातून निघून सोलापूर जिल्ह्यात आला, तरी लोहमार्गापासून तो दूरच राहिला. पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पकतेने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली; १९०६ मध्ये तिचा फाटा पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेला. ही चिमुकली गाडी पंढरीच्या यात्रेची गाडी म्हणून दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात राहिली. आषाढी-कार्तिकीला डब्यांत मावेनासे झालेले वारकरी, टाळमृदंगांचा गजर, आणि खिडकीतून दिसणारे मंद गतीने सरकणारे ज्वारीचे रान यांनी भरलेला तो प्रवास होता. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, आजारी माणसे यांना पंढरपूर सुलभ झाले, हा या गाडीचा उपकार मोठा आहे, आणि पायी चालण्याचे माहात्म्य गाताना तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र लोहमार्गाने अंतर कमी करताना काळही एका साच्यात ओतला. सोलापूरचा सूर्य मुंबईच्या सूर्याहून सुमारे १२ मिनिटे आधी उगवतो. पूर्वी प्रत्येक गाव आपापल्या सूर्याप्रमाणे चाले आणि त्यात कोणाचे काही अडत नसे. गाड्यांच्या वेळापत्रकाला असा शेकडो सूर्यांचा कारभार परवडणारा नव्हता. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ सर्वत्र लागू केली आणि १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. वेळापूरसारख्या गावात तरीही पुष्कळ वर्षे दिवस कासराभरच वर येत राहिला. एकाच जिल्ह्यात दोन काळ नांदू लागले. स्टेशनाच्या घड्याळाचा एक आणि पायवाटेचा एक.

मोटारीने हा दुरावा काही अंशी भरून काढला. नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात आले, त्यामागे ऊस आला, आणि १९३० नंतरच्या दशकात माळीनगर, श्रीपूर येथे साखर कारखाने उभे राहिले. कारखान्यांना रस्ते लागतात. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली आणि नंतरच्या दोन दशकांत तिचे जाळे गावोगाव पोहोचले. अकलूज, सांगोला, पंढरपूर, माळशिरस या चारी दिशांच्या वाटा वेळापुरात एकत्र येत असल्याने जुना मुक्काम आता थांबा झाला. मुक्काम आणि थांबा यांत फरक आहे तो वेळेचा: मुक्कामी रात्र जाते, थांब्यावर काही मिनिटे जातात. मुक्कामी उतरलेला माणूस गावाच्या विहिरीचे पाणी पितो, गावच्या देवाला जातो, यजमानाच्या घरची सुखदुःखे ऐकतो. थांब्यावरचा माणूस चहा घेतो आणि गाडी सुटण्याची वाट पाहतो. परंतु याच एस. टी. ने गावातील मुलामुलींना शाळा-महाविद्यालय, रुग्णाला दवाखाना आणि शेतकऱ्याला बाजारपेठ जवळ आणून दिली, आणि ज्याला रोज जावे-यावे लागते त्याला मिनिटांचा हिशेब महत्त्वाचा वाटला तर त्यात गैर काही नाही.

आकाशमार्गाचा थर सर्वांत वरचा आणि सर्वांत नवा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जासूदजोडीच्या हातून निघालेली थैली अशी दोन-अडीच शतकांत आकाशात पोहोचली. सोलापूरला नियमित विमानसेवा मात्र दीर्घकाळ लाभली नाही. होटगी रस्त्यावरील विमानतळाचे अद्ययावत रूप सप्टेंबर २०२४ मध्ये खुले झाले, जून २०२५ मध्ये गोव्याला विमान जाऊ लागले, आणि त्याच वर्षी मुंबईशीही आकाशमार्गाने संबंध जुळला. मुंबई आणि सोलापूर यांमधील सरळ रेषा सुमारे ३६० किलोमीटरांची आहे आणि विमान ती तासाभरात संपविते; लोहमार्गाचे अंतर ४५५ किलोमीटर असून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत गाडी त्यास साडेसहा तास घेते. विमानाच्या प्रवाशाला वेळापूर लागतच नाही. आकाशरेषा गावाच्या उत्तरेकडून निघून जाते, आणि उंचीवरून पाहणाऱ्याला ऊस, ज्वारी आणि बाभळीचे बांध यांची एक सलग गोधडी तेवढी दिसते.

या सगळ्या थरांची एकत्र परीक्षा २०२० च्या उन्हाळ्यात झाली. करोनाच्या साथीमुळे पायी वारी अशक्य झाली, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस शासन आणि पालखी सोहळ्यांची संस्थाने यांच्या विचारविनिमयातून असे ठरले, की संतांच्या पादुका विमानाने, हेलिकॉप्टरने किंवा बसने, परिस्थितीनुसार पंढरपुरास न्याव्यात. शेवटी एस. टी. ची बस निवडली गेली, आणि दशमीला, ३० जून रोजी, पादुका फुलांनी सजविलेल्या बसमधून एका दिवसात पंढरपुरास पोहोचल्या. पुढच्या वर्षीही तसेच झाले. सोहळ्याची परंपरा तुटली नाही, भेटीचा नेम चुकला नाही, आणि साथीच्या काळात याहून शहाणपणाचा मार्ग दुसरा नव्हता. पण वाटेवरच्या गावांनी त्या दोन वर्षांत जे अनुभवले ते विचार करण्याजोगे आहे. त्या आषाढात वेळापूरच्या उतारावर धावा झाला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांतून वारकऱ्यांसाठी पिठल्या-भाकरीच्या पंगती उठत, तेथील चुली नेहमीच्या माणसांपुरत्याच पेटल्या. पादुका पंढरपुरास पोहोचल्या होत्या, तरीही वेळापूरच्या माणसाला वारी झाली असे वाटले नसेल, आणि ते वाटणे यथार्थ होते. वारी आळंदी आणि पंढरपूर या दोन टोकांची जितकी आहे तितकीच मधल्या गावांची आहे, आणि दोन टोके कितीही लवकर जोडली तरी त्यांचा वाटा भरून निघत नाही. पायी वारी २०२२ मध्ये पुन्हा निघाली तेव्हा वाटेवरच्या गावांनी तिचे जे स्वागत केले, त्यात हा हक्क परत मिळाल्याचा आनंद होता.

आज त्याच वाटेचे रूपांतर राष्ट्रीय महामार्गात होत आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा पायाभरणी समारंभ झाला. दिवे घाट ते मोहोळ हा ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग सुमारे २२१ किलोमीटरांचा, आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा तुकाराम महाराज पालखी मार्ग सुमारे १३० किलोमीटरांचा. दोन्हींच्या कडेने पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट राखण्याची योजना आहे. मोटारीचा वेग आणि पायांचा वेग यांना शेजारीशेजारी जागा देण्याचा हा विचार स्तुत्य आहे, आणि वाहनांच्या गर्दीत जीव मुठीत धरून चाललेल्या दिंड्या ज्यांनी पाहिल्या आहेत ते त्याचे मोल जाणतात. परंतु रस्ता रुंद होताना जुन्या वाटेवरचे पुष्कळ वड आणि लिंब गेले, आणि विसाव्याची काही ठिकाणे रस्त्याखाली आली किंवा त्याच्या कुशीत अडकली. चालण्याची वाट राखली आणि विसाव्याची जागा हरविली, तर मुक्कामाचे अर्धे शरीरच राहील.

म्हणून या वाटेच्या इतिहासाबद्दल आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाचे एक प्रत्यक्ष कर्तव्य उरते. मैलाचे दगड किलोमीटर सांगतात. त्यांच्या जोडीला प्रत्येक मुक्कामाचा, प्रत्येक विसाव्याचा, जुन्या विहिरीचा आणि पाराचा दाखला गावाच्या दप्तरात आणि रस्त्याच्या कडेला नोंदला गेला पाहिजे. अमुक वडाखाली पालखी टेकत असे, अमुक विहिरीचे पाणी दिंडीला पुरत असे, अमुक घराण्याकडे पंगतीचा मान आहे, हे सांगणारी वृद्ध माणसे अजून गावोगाव आहेत. त्यांच्या तोंडची माहिती लिहून घेण्याचे काम तालुक्यातील शाळा आणि ग्रंथालये सहज करू शकतील. तोडलेल्या झाडांच्या जागी त्याच जातीची झाडे, आणि तीही विसाव्याच्या ठिकाणांनजीक लावली जावीत, असा आग्रह ग्रामपंचायतींनी धरावा. वेगाने पोहोचण्याची सोय आपल्या पिढीने भरपूर मिळविली आहे, आणि ती पुढेही वाढत राहील. जी गावे एका दिवसाच्या चालीने घडली, त्यांची ओळख त्या वेगात हरवू न देणे ही मात्र आपणच पार पाडावयाची जबाबदारी आहे, कारण ती ज्यांच्या पायांनी घडविली त्यांनी आपल्यासाठी दुसरा कोणताही लेख मागे ठेवलेला नाही.